वाचकांचे प्रश्न : डच ऑर्गन, स्तोत्रं आणि गाण्याआधीचा प्रील्यूड

मागच्या अंकात हॉलंडच्या चर्चमधल्या ऑर्गन संगीतावर एक छोटं टिपण आलं होतं, त्यात विसाव्या शतकातले डच ऑर्गनवादक बायबलमधल्या स्तोत्रांच्या चालींवर प्रील्यूड, म्हणजे गाण्याआधी वाजवायचे छोटे तुकडे, कसे रचायचे याचा ओझरता उल्लेख होता. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त प्रश्न आले, म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. काही पत्रं लांब होती, ती थोडी कापलीत.

प्रश्न : मी हॉलंडमधल्या एका मोठ्या चर्चचा व्हिडिओ बघितला. आधी तीन-चार मिनिटं नुसता ऑर्गन, मग भरलेलं चर्च गायला लागतं आणि ते इतकं सावकाश की एकेका अक्षरावर दम संपावा. हे नक्की काय चाललेलं असतं? आणि हा ऑर्गन म्हणजे आपल्या जुन्या संगीत नाटकात पायाने भाता मारत वाजवायचे तोच ना?

आधी शेवटचं सांगते. नाटकातला तो रीड ऑर्गन, त्यात हवेने धातूच्या पट्ट्या थरथरतात आणि आवाज येतो. व्हिडिओत तुम्ही बघितलात तो पाइप ऑर्गन, त्यात हवा पाइपांत जाते, पाइप हजारोंनी असतात, एकावर एक दोन-तीन कीबोर्ड आणि खाली पायांनी वाजवायचा वेगळा कीबोर्ड, त्याला पेडल म्हणतात. पण तुमचा अंदाज अगदीच लांबचा नाही बरं का, कारण डच प्रॉटेस्टंट घरांतून एके काळी पायाने भाता मारायचा हार्मोनियम ऑर्गन खूप होता, लोक प्रेमाने त्याला ‘स्तोत्रांचा पंप’ म्हणायचे आणि रविवारी संध्याकाळी सगळं घर त्याच्याभोवती गात बसायचं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता स्तोत्रांचं. जिनिव्हामध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या पुढाकाराने बायबलमधली सगळी १५० स्तोत्रं फ्रेंच पद्यात आणून त्यांना चाली लावल्या गेल्या, ते काम १५६२ मध्ये पूर्ण झालं. शब्द क्लेमां मारो आणि थिओडोर बेझ यांचे, चालींमध्ये मोठा वाटा लुई बुर्ज्वाचा. चाली १५० नाहीत, साधारण १२५ आहेत, कारण काही स्तोत्रं एकच चाल वाटून घेतात, उदाहरणार्थ ३६ आणि ६८ एकाच चालीत, ७७ आणि ८६ एकाच चालीत. पेट्रुस दातेनने १५६६ मध्ये याच चालींवर डच शब्द बसवले आणि तिथून पुढे डच रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या वाटेने जाणाऱ्या, चर्चमध्ये माणसं पिढ्यानपिढ्या मुख्यतः हेच गात आली.

गंमत म्हणजे सुरुवातीला ऑर्गन नकोच होता. डॉर्ड्रेख्टला १५७४ आणि १५७८ मध्ये धर्मसभा झाल्या, दोन्हींनी उपासनेतल्या ऑर्गनविरुद्ध मत दिलं. मग ते ऑर्गन फोडले का नाहीत? कारण ते शहराच्या मालकीचे होते, चर्चच्या नाही. ऑर्गनवादक शहराचा नोकर, उपासनेच्या आधी किंवा नंतर आणि इतर वेळी लोकांसाठी वाजवायचा. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या चर्चमधला ऑर्गनवादक आणि संगीतकार स्वेलिंक असाच शहराचा माणूस होता आणि त्याने स्तोत्रांच्या चालींवर जी व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच चालीची बदलती रूपं, लिहिली तिथून या सगळ्याचा उगम धरायला हरकत नाही. पुढे १६४१ मध्ये कवी आणि मुत्सद्दी कॉन्स्टंटाइन हायगन्सने एक पुस्तकच लिहिलं की लोकांच्या गाण्याला ऑर्गनची साथ हवी, कारण साथीशिवाय गाणं फार बेसूर होतं. हळूहळू ते मान्य झालं.

आणि सावकाश का? मूळ चालीत दोन मापं असतात, लांब सूर आणि आखूड सूर. पण शेकडो माणसं, कुणाला वाचता येत नाही, पुढे एक जण गाऊन दाखवणार आणि बाकीचे त्याच्या मागून, असं करता करता आखूड सूरही ताणले गेले आणि सगळे सूर सारखे लांब झाले. १७७३ मध्ये नवीन पद्य-भाषांतर अधिकृतपणे आलं, त्यासोबत सूर जरा आखूड गावेत असा प्रयत्न झाला, तर त्यावरून दंगली झाल्या, मासस्लाइस नावाच्या गावातल्या तर इतिहासात नोंदल्या गेल्यात. त्याच १७७३ च्या शब्दांत आजही कर्मठ मंडळींची चर्चेस गातात, अनेक ठिकाणी सगळे सूर सारखे लांब ठेवून. तुम्ही बघितलंत ते बहुतेक असंच काहीतरी.

गाण्याआधीची ती मिनिटं म्हणजे प्रील्यूड. काम साधं आहे, कोणती चाल आहे, कोणत्या सुरात उचलायची, किती वेगात आणि कोणत्या भावाने, हे शब्द न वापरता सगळ्यांना सांगायचं.

प्रश्न : मी हार्मोनियम वाजवते, वेस्टर्न नोटेशन जुजबी येतं. मला स्टाइल वगैरे नंतर, आधी हे कळू द्या की एका चालीतून प्रील्यूड बनतो कसा?

तुमच्यासाठी सरगमच वापरू. १३४ वं स्तोत्र घ्या, इंग्रजी चर्चमध्ये हीच चाल ‘ओल्ड हंड्रेड्थ’ म्हणून माहीत आहे. पहिली ओळ अशी : सा सा नि ध प सा रे ग, यातले नि, ध, प खालच्या सप्तकातले. दुसरी ओळ : ग ग ग रे सा म ग रे. आठ-आठ सूर, एका अक्षराला एक सूर, उड्या फारशा नाहीत, कुणालाही गाता येईल असं. पेटीवर वाजवून बघा, मग पुढचं वाचा.

आता पहिला मार्ग. एका हातात एकट्याने पहिली ओळ सुरू करा. ती अर्ध्यात आली की दुसरा हात हीच ओळ पंचमापासून सुरू करेल, म्हणजे प प म ग रे प ध नि, इथे म तीव्र. मग तिसरा आवाज, मग पेडलमध्ये चौथा. आवाज एकमेकांच्या मागून येतात आणि ऐकणाऱ्याला त्या ओळीची आगाऊ ओळख होते, शेवटी कुठल्या तरी आवाजात पूर्ण चाल लांब सुरांत येते. एवढ्या एका युक्तीवर शेकडो वर्षं लोक लिहीत आलेत आणि अजून ती जुनी झालेली नाही.

दुसरा मार्ग, चाल मधल्या आवाजात लपवायची. वर उजवा हात स्वतःचं काहीतरी हलकं विणतोय, पेडल खाली चालतंय आणि डावा हात दुसऱ्या कीबोर्डवर ट्रम्पेटसारख्या स्टॉपवर चाल वाजवतोय. स्टॉप म्हणजे एका जातीच्या पाइपांची रांग उघडणारा खटका, ऑर्गनवर प्रत्येक रंगाचा वेगळा. डच ऑर्गनवर चाल पुढे आणायला कॉर्नेट, सेस्क्विआल्टेरा, ट्रम्पेट असे स्टॉप मुद्दाम असतात, कारण शेकडो माणसांच्या गाण्यातून चाल ऐकू यायला हवी. ह्यातूनच प्रील्यूडचं रंगकाम ठरतं.

तिसरा, कॅनन. चाल सुरू झाल्यावर थोड्या मात्रांनी दुसऱ्या आवाजात तीच चाल तशीच्या तशी. हे कठीण, दोन्ही आवाज एकमेकांशी जमायला लागतात. चौथा, टोकाटा : हात वेगाने धावतायत आणि पायात चाल, प्रत्येक सूर ताणून. पाचवा, चाल वरच्या आवाजात पण मुरक्या-हरकतींनी नटवलेली. आणि ह्या सगळ्यांची एकापाठोपाठ माळ केली की तिला पार्टिटा म्हणतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच कानात बसवा, या चाली मेजर-मायनरमधल्या नाहीत, त्या त्याच्याही आधीच्या मोडमधल्या आहेत, मोड म्हणजे साधारण आपल्या थाटासारखी स्वरांची चौकट. पुष्कळ चाली डोरियनमध्ये, म्हणजे तुमच्या काफी थाटाचे स्वर. ५१ वं स्तोत्र, पश्चात्तापाचं, ते फ्रिजियनमध्ये, म्हणजे भैरवी थाटाचे स्वर. आता डोरियन चालीत ओळीच्या शेवटी सा-नि-सा आलं तर नि कोमल राहिला पाहिजे, पण सावकाश गाणाऱ्या मंडळींनी शतकानुशतकं तो नकळत शुद्ध केला, कारण कानाला तो जास्त ‘संपल्यासारखा’ वाटतो. काही चर्चमध्ये आजही शुद्ध नि, काहींमध्ये कोमल. ही एवढीशी श्रुती वाटेल, पण तिच्यावर सगळी हार्मनी, म्हणजे चालीसोबत एकत्र वाजणाऱ्या सुरांची रचना, उभी राहते आणि पुढच्या प्रश्नातलं भांडणही बऱ्याच अंशी.

प्रश्न : ताई, माझ्याकडे एकाच स्तोत्राची दोन रेकॉर्डिंग आहेत. एकात ऑर्गन आधी कुजबुजतो, मग वाढत वाढत शेवटी भिंती हलतात, ऐकताना डोळे भरून आले. दुसरं एकदम स्वच्छ, उजळ, पण भावनेला हात न लावणारं. डच सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला ह्यावरून आमच्याकडे दोन गट आहेत आणि ते एकमेकांच्या मैफलींना जात नाहीत. खरी डच स्टाइल कोणती?

ह्या प्रश्नासाठी मी थांबले होते.

पहिली बाजू यान झ्वार्तपासून सुरू होते. झ्वार्त १८७७ मध्ये झांडामला जन्मला आणि १९३७ मध्ये वारला, ॲम्स्टरडॅममध्ये एका लुथरन चर्चचा ऑर्गनवादक होता. त्याच्या आधीच्या काळात डच ऑर्गनवादक बहुतेक बाहेरचं वाजवायचे, जर्मन किंवा फ्रेंच. झ्वार्तने ठरवलं की आपल्याकडे स्तोत्रं आहेत, स्वेलिंक आहे, मग आपलं स्वतःचं ऑर्गन संगीत का नसावं. जुन्या डच ऑर्गनांचा आणि वादकांचा इतिहास त्याने खणून काढला, त्यावर लिहिलं आणि ‘नेदरलँडश ऑर्गेलम्युझीक’ नावाने स्वतःच्या रचनांच्या वह्या काढल्या. ‘एन फास्टे बुर्ग’ या ल्यूथरच्या गीतावरची त्याची फँटसी, म्हणजे मोकळ्या बांधणीची रचना, आजही वाजते. भाषा पूर्ण रोमँटिक : जाड कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले अनेक सूर, क्रोमॅटिक, म्हणजे अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकणारी हार्मनी, एका नाजूक स्टॉपपासून पूर्ण ऑर्गनपर्यंत चढत जाणारा आवाज, मधे एखादा गूढ, थांबलेला भाग.

आणि मग रेडिओ आला. प्रॉटेस्टंट रेडिओ संस्था एनसीआरव्ही १९२४ मध्ये निघाली होती, तिच्यावरून झ्वार्तचं वादन घरोघर पोचलं. ज्या घरांत तो स्तोत्रांचा पंप होता त्या घरांत. थिएटर नको, सिनेमा नको अशा धार्मिक वातावरणातल्या कष्टकरी माणसांना, मच्छीमारांना, शेतकऱ्यांना कॉन्सर्ट हॉल कुठला माहीत असणार, त्यांच्यासाठी मोठं संगीत म्हणजे हेच आणि तेही त्यांच्या स्वतःच्या तोंडात बसलेल्या चालींवर. हे मला फार मोठं वाटतं. एखाद्या देशात गंभीर वाद्यसंगीत इतक्या साध्या घरांत इतक्या खोल जाणं सहसा होत नाही.

झ्वार्तचा सगळ्यात प्रसिद्ध शिष्य फैके आस्मा, १९१२ ते १९८४. तो शेवटची सुमारे वीस वर्षं मासस्लाइसच्या मोठ्या चर्चमध्ये होता, तिथला ऑर्गन गारेल्सने १७३२ मध्ये बांधलेला. मासस्लाइस म्हणजे वर सांगितलेल्या दंगलींचं गाव. आस्माच्या रेकॉर्ड प्रचंड खपल्या, मैफलींना माणसं उभी राहायची. तो मेंडेल्सोन, फ्रांक, विडोर अशा रोमँटिक संगीतकारांचं वाजवायचाच, पण लोक यायचे ते स्तोत्रांवरच्या फँटसी ऐकायला. झ्वार्तचा मुलगा विलेम हेंड्रिक झ्वार्त काम्पेनच्या बोवेनकेर्कमध्ये बसला, तिथे हिन्झचा १७४३ चा ऑर्गन, आणि परंपरा नातवापर्यंत चालत आली. तुमचं पहिलं रेकॉर्डिंग ह्या घराण्यातलं असणार.

दुसरी बाजू. युरोपभर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑर्गन सुधारणेची चळवळ उभी राहिली. म्हणणं असं की एकोणिसाव्या शतकात ऑर्गनला ऑर्केस्ट्रा बनवायच्या नादात त्याचा मूळ स्वभाव हरवला, परत बरोकच्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या, स्पष्ट आवाजाकडे जाऊया, यांत्रिक जोडणी, कमी दाबाची हवा, प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येईल असं. डच ऑर्गन बांधणाऱ्यांत ह्याचं मोठं नाव फ्लेंट्रॉप आणि त्यांचा कारखानाही झांडामलाच, १९०३ पासून. दुसरीकडे डॅनिश कंपनी मार्कुसनने उट्रेख्टच्या निकोलाय चर्चमध्ये १९५६ मध्ये नवीन ऑर्गन उभा केला आणि १९५९ ते ६१ मध्ये हार्लेमचा १७३८ चा प्रसिद्ध म्यूलर ऑर्गन दुरुस्त केला. वाद्यं बदलली की रचना बदलणारच. अशा ऑर्गनवर जाड रोमँटिक कॉर्ड वाजवली तर कर्कश लागतात, दोन-तीन स्वतंत्र आवाजांचा सुटसुटीत प्रील्यूड मात्र खुलतो.

त्याच वेळी चर्चमध्येही बदल होत होता. चालींची मूळ लय, लांब-आखूड सूर, परत आणायची, कोमल नि परत कोमल करायचा, असा आग्रह वाढला. १९७३ मध्ये अनेक चर्चनी मिळून नवीन गीतसंग्रह काढला, त्यात सगळी स्तोत्रं नव्या पद्यात, कवी मंडळीही नामवंत. हा संग्रह वापरणाऱ्या चर्चमध्ये गाणं झपाट्याने हलकं आणि चालतं झालं.

आता माझं मत. लोक ह्याला अभिरुचीचं भांडण समजतात, भावना विरुद्ध बुद्धी, किंवा जनता विरुद्ध कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय. मला ते तसं वाटत नाही. प्रील्यूडची स्टाइल ठरते ती पहिल्यांदा खाली बसलेली माणसं कशी गातात त्यावरून. सगळे सूर सारखे लांब आणि अतिशय सावकाश असतील तर चालीला स्वतःची लय उरत नाही, मग हालचाल कुठून आणायची? हार्मनीतून. एका लांब सुराखाली दोन-तीन कॉर्ड बदलतात, क्रोमॅटिक वाटा निघतात, आवाज चढतो-उतरतो, मधल्या जागा धावत्या सुरांनी भरतात. म्हणजे झ्वार्त आणि आस्मा जे करतात ते त्या गाण्यातूनच उगवलंय, वरून चिकटवलेलं नाही. उलट चाल लांब-आखूड लयीत गायली की तिच्यात स्वतःचीच गती असते, तिच्याखाली जाड हार्मनी घातली तर ती अडखळते, तिला पातळ, मोडल, एकमेकांत गुंतलेले आवाजच शोभतात. दोन्ही बाजूंचे चांगले वादक हे जाणून होते. दोन्ही बाजूंचे साधारण वादक मात्र दुसऱ्याचं गाणं न ऐकता त्याच्या प्रील्यूडला नावं ठेवत बसले.

याचा अर्थ सगळं सारखंच चांगलं असं नाही. आस्माच्या वाटेने गेलेल्या पुष्कळ रचना साच्यातल्या आहेत, हळू सुरुवात, मधे एक ठरलेलं वळण, शेवटी पूर्ण ऑर्गन, कुठलंही स्तोत्र असो. पश्चात्तापाच्या ५१ व्या स्तोत्राचा शेवट विजयी गडगडाटात केला तर शब्दांचं काय? आणि सुधारणावाल्यांकडेही कॅननची गणितं सोडवलेले पण ऐकून कुणाला गावंसं वाटणार नाही असे प्रील्यूड ढिगाने आहेत. मी दोन्हींना एकच कसोटी लावते, शेवटचा सूर संपला की गावंसं वाटतं का.

इथे क्लास बोल्टचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हार्लेमच्या बावो चर्चचा ऑर्गनवादक, १९९० मध्ये गेला. तो ऐतिहासिक वादनाचा पक्का जाणकार, म्हणजे खरं तर दुसऱ्या गटातला समजला जावा, पण त्याने जुन्या सावकाश सामूहिक गाण्याकडेच गंभीरपणे पाहिलं, जुने वादक ओळींच्या मधे काय वाजवायचे, साथ कशी करायचे हे शोधून ते स्वतः आयत्या वेळी रचून वाजवून दाखवलं. दोन गटांमधली भिंत किती पातळ आहे हे त्याच्या वादनात ऐकू येतं.

प्रश्न : विसाव्या शतकात संगीत इतकं बदललं, बारा सुरांची पद्धत आली, मिनिमलिझम आलं. डच स्तोत्रं त्यातून सुटली का?

अजिबात सुटली नाहीत आणि हा भाग मराठीत कुणीच लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर.

कोर केय, जन्म १९०० चा, हाही झांडामचाच. म्हणजे झ्वार्त, केय आणि फ्लेंट्रॉपचा कारखाना, सगळं एका गावातलं, योगायोग म्हणा. केयने ‘स्तोत्रं ऑर्गनसाठी’ अशा नावाने संग्रह काढले आणि त्यात प्रत्येक चालीला वेगळी वागणूक दिली, कुठे कॅनन, कुठे नाचरी लय, कुठे धारदार हार्मनी. पुढे तो बारा सुरांच्या पद्धतीपर्यंत, म्हणजे सप्तकातले बाराही सूर सारख्याच मानाने वापरण्यापर्यंत, गेला. पण त्याचा खरा प्रभाव शिक्षक म्हणून. हार्लेमला १९५१ पासून आयत्या वेळी रचून वाजवण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते आणि १९५५ पासून उन्हाळी अकादमी, तिथे केय इम्प्रोव्हायझेशन शिकवायचा. त्याचा मुलगा पीत केय याने ती स्पर्धा १९५३, ५४ आणि ५५ अशी सलग तीनदा जिंकली, नंतर तो आल्कमार आणि हार्लेम दोन्हीकडे ऑर्गनवादक होता. पीत केयचं ८६ व्या स्तोत्रावरचं तीन भागांचं ‘ट्रिप्टिक’ जरूर ऐका. मला ते ह्या सगळ्या शतकातल्या सगळ्यात प्रामाणिक स्तोत्ररचनांपैकी एक वाटतं, एकही सूर दाखवण्यासाठी नाही.

आंतोन फान डर होर्स्ट, १८९९ ते १९६५, हा डच बाख सोसायटीचा संचालक म्हणून जास्त माहीत. त्याने स्वतःचा एक मोड वापरला, त्याला तो ‘मोडस कोंयुंक्टुस’ म्हणायचा, त्यात पूर्ण आणि अर्धा स्वर आलटून पालटून येतात आणि सप्तकात सातऐवजी आठ सूर होतात. १९४३ ची ‘सुइट इन मोडो कोंयुंक्टो’ ही त्यातली. पेटीवर करून बघा, सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नि, सा. ऐकताना पाय कुठे टेकायचा तेच कळत नाही, तरी गोंधळ नाही, एक विचित्र चमक आहे. ८ व्या स्तोत्रावर त्याने पार्टिटा लिहिली, त्यात चारशे वर्षांची चाल आणि विसाव्या शतकाचा कान एकमेकांसमोर उभे राहतात.

हेंड्रिक आंड्रीसेनचं नाव तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल, १८९२ ते १९८१, हार्लेमचा. पण तो कॅथलिक. त्याच्या परंपरेत ग्रेगोरियन, म्हणजे मध्ययुगीन लॅटिन उपासनागीतांच्या, चाली होत्या, जिनिव्हाची स्तोत्रं नव्हेत. १९१३ चा पहिला ‘कोराल’, १९२७ ची ‘सोनाटा दा किएझा’, १९४९ चं ‘थीम आणि व्हेरिएशन्स’, हे सगळं मोठं, फ्रांकच्या वळणाचं, स्वतंत्र संगीत. स्तोत्रांच्या प्रील्यूडवर त्याचा परिणाम आडून झाला, त्याच्या हार्मनीचा गोडवा प्रॉटेस्टंट वादकांच्या बोटांतही उतरला.

मिनिमलिझमसाठी यान वेल्मर्स. उट्रेख्टच्या त्याच निकोलाय चर्चचा ऑर्गनवादक होता. १९८८ ची त्याची ‘लिटानी’ ऐका, छोटे छोटे तुकडे परत परत, हळूच बदलत जाणारे. ही स्तोत्राची चाल वाजवायची पद्धत नाही, पण उपासनेत एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणण्यातून जो एकाग्रपणा येतो तो इथे सुरांत आलाय.

प्रश्न : ऐकायला कुठून सुरू करू? दोनच नावं सांगा.

दोन नावांत नाही बसणार, पण क्रम सांगते. आधी स्वेलिंकची ३६ व्या स्तोत्रावरची व्हेरिएशन्स, म्हणजे मूळ कळेल. मग आस्मा मासस्लाइसच्या ऑर्गनवर, मोठ्या आवाजात, हेडफोन न लावता, कारण खोलीत हवा हलली पाहिजे. लगेच दुसऱ्या दिवशी पीत केयचं ट्रिप्टिक. आणि प्रत्येक वेळी आधी ते स्तोत्र माणसांनी गायलेलं ऐका, नंतरच प्रील्यूड, चाल माहीत नसताना प्रील्यूड ऐकला तर निम्मी गोष्ट कळतच नाही. शक्य असेल तर गेनेमाइडन गावच्या पुरुषांचं गाणं शोधा, ते लोक मूळ चालीच्या वर आणखी एक आवाज चढवून गातात, ते एकदा ऐकलं की ऑर्गनवर चालीच्या वर फिरणारा तो पातळ आवाज कुठून आला असेल याचा अंदाज येतो.

प्रश्न : माझ्याकडे साधा पाच सप्तकांचा कीबोर्ड आहे, पेडल नाही. ह्यातलं काही वाजवता येईल का?

येईल. त्या काळातल्या बऱ्याच डच वह्यांवर ‘ऑर्गन किंवा हार्मोनियमसाठी’ असं छापलेलं असायचं, घरातल्या त्या पंपासाठीच, त्यांना पेडल लागत नाही. टोकाटा सोडून द्या, दोन किंवा तीन आवाजांचे छोटे प्रील्यूड घ्या. कीबोर्डवर ‘चर्च ऑर्गन’ नावाचा जो सगळ्यात जोरकस आवाज असतो तो टाळा, बासरीसारखा साधा आवाज निवडा, म्हणजे आवाज एकमेकांत मिसळून चिखल होणार नाही. सस्टेन पेडल लावू नका, ऑर्गनवर बोट उचललं की सूर संपतो, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोटांनीच जोडायचं असतं आणि ओळीच्या शेवटी हात खरोखर उचलायचा, गाणारा श्वास घेतो तेवढा वेळ. १३४ व्या स्तोत्राच्या वरच्या दोन ओळींपासून सुरुवात करा, उजव्या हातात चाल, डाव्या हातात आधी फक्त सा आणि प, मग हळूहळू डाव्या हाताला स्वतःची ओळ द्या. आणि वाजवताना तोंडाने गा, मोठ्याने.